तेल वाढत होतं

लकवा मारल्यापासून आप्पांच्या तोंडून एकही शब्द फुटला नव्हता. आवाज मात्र एक यायचा. ढगढगढगढग. खाटेवर उताणे पडलेले, डोळे वर पत्र्याकडे, ओठाच्या पडक्या बाजूनं लाळ, आणि छातीतून ट्रकचा आवाज.

सुरुवातीला आम्ही हसलो. आयुष्यभर त्यांनी एकच ट्रक चालवला होता, खडीच्या क्रशरच्या मालकाचा. तोच आता माझा थोरला भाऊ चालवतो. मी जाता येता म्हणायचो, "आप्पा, हॉर्न द्या की," आणि वहिनी पळी उगारायची माझ्यावर.

मग एका दुपारी वहिनीनं मला खुणेनं आत बोलावलं.

"भाऊजी, ऐका जरा. गिअर बदलला त्यांनी."

ऐकलं. आवाज खाली आला होता, जड झाला होता. मानेच्या शिरा ताणलेल्या.

"चढाला लागले हे," वहिनी म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. चहाला उकळी आली तसे आप्पा गप्प झाले. बाहेर दादाचा ट्रक येऊन थांबला. दार आपटलं.

"योगायोग," मी म्हटलं.

"रोजचा?" वहिनी म्हणाली आणि कप मांडायला लागली. तिला त्याचं भय उरलं नव्हतं. भाजी केव्हा फोडणीला टाकायची, पाणी केव्हा तापत ठेवायचं, सगळं ती आप्पांच्या आवाजावरून ठरवायची. दादाला आम्ही सांगितलं नव्हतं. आपला बाप आपल्याबरोबर रस्ताभर असतो, हे कळल्यावर माणूस नीट गाडी चालवेल का?

आम्ही क्रशरच्या मागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत राहतो. त्या ड्रायव्हरसाठीच असतात. आप्पा ड्रायव्हर होते म्हणून आम्ही तिथं जन्मलो, दादा ड्रायव्हर आहे म्हणून अजून तिथं आहोत. समोर दगड फुटतो, खडी पडते आणि भुकटी उडते. कोरड्या दिवसांत वारा आमच्याकडे फिरतो, मग सगळं पांढरं. माठातल्या पाण्यावर साय धरावी तशी भुकटी धरते. दादा संध्याकाळी घरी येतो तो पांढऱ्या भुवयांचा, पांढऱ्या पापण्यांचा. वहिनी म्हणते, "या, म्हातारेबुवा."

त्या वर्षी पुलाचं काम बंद पडलं आणि खडीची मागणी तुटली. मालक ऑफिसात बसायचे ते अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. रिकामा मालक म्हणजे सगळ्यांच्या मागं साडेसाती.

त्याच दिवसांत आप्पांचा आवाज तुटला.

ढगढगढग, मध्ये एक खाच, पुन्हा ढगढग. मग परत खाच. वहिनी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

"श्वास अडकतोय का हो?"

मी त्यांच्या छातीवर कान ठेवला. श्वास ठीक होता. ठोकेही ठीक होते. आवाजातच एक जागा रिकामी पडत होती, ठरल्यासारखी, दर फेऱ्याला तीच.

संध्याकाळी मी दादाला विचारलं, "ट्रक कसा आहे?"

"घोड्यासारखा. का?"

"काही नाही. असंच."

मी स्वतः बाहेर जाऊन ऐकलं. चालू ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. कुठं काही नव्हतं. सहाच्या सहा सिलिंडर साफ वाजत होते. आत येऊन आप्पांकडं बघितलं, तर ते माझ्याकडं बघत होते. डोळ्याची पापणी हलत नव्हती.

चार-पाच दिवस गेले असतील. दादा सकाळी ट्रक चालू करून खाली उतरला आणि मला हाक मारली.

"बारक्या, ऐक रे."

मी ऐकलं. हातातला चहा थंड होईस्तोवर उभा राहिलो. तीच खाच होती. आप्पांनी आधी वाजवून दाखवली होती तीच, त्याच जागी.

"मिस मारतोय, एखादा सिलिंडर पेटत नाहीये," मी म्हटलं. बाकी काय सांगणार होतो?

त्यानंतर ट्रक डिझेल प्यायला लागला. ज्या टाकीत दादा सगळी खेप उरकून यायचा, तीत परतीच्या चढाला काटा खाली टेकायचा. मागून पांढरा धूर निघायचा आणि भुकटीत मिसळायचा, धूर कुठला आणि धूळ कुठली कळायचं नाही. धुराला कच्च्या डिझेलचा वास. डोळे चुरचुरायचे.

मालकांनी एक कळकाची काठी केली. ट्रक गेटवर आला की टाकीत काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. क्रशरचा मुकादम ते काम मोठ्या हौसेनं करायचा.

"काय ड्रायव्हर, आज कोणाच्या लग्नात पाजून आलात?" तो विचारायचा. कामगार हसायचे. जे हसायचे नाहीत ते खाली बघायचे, ते जास्त लागायचं.

एकदा तर त्यानं दादाचा डबा उघडायला लावला. सीट उचलून बघितली. शेवटी दादाचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले आणि हुंगले.

"डिझेलचाच वास येतोय, मालक."

"ड्रायव्हरच्या हाताला अत्तराचा येणार का?" दादा म्हणाला. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मालक खुर्चीतून उठले नाहीत. "हे बघ, तुझा बाप या गाडीवर म्हातारा झाला, म्हणून अजून तोंडानं बोलतोय. डिझेल जातंय कुठं ते तू मला दाखव. नाही दाखवलंस तर दुसऱ्याला बसवतो. आणि खोल्या ड्रायव्हरच्या आहेत, हे तुला माहीत आहे."

दादा घरी आला आणि हात धुवत बसला. साबणानं, मग राखेनं, मग परत साबणानं. वहिनीनं तांब्या काढून घेतला तेव्हा थांबला.

"मी घेतलं नाही," तो म्हणाला.

"मी विचारलं का?" वहिनी म्हणाली.

"तू विचारत नाहीस, तेच."

वहिनीनं त्याच्या हातात पंचा दिला. ट्रक थांबला तशी आतल्या खोलीतली आप्पांची खाचही थांबली होती.

दुसऱ्या दिवशी काम सुटलं तसा मी ट्रक दुरुस्तीला धरला. मला कोणी शिकवलेलं नाही. पाण्याचा पंप, लोकांच्या मोटरसायकली, असं उघडत उघडत मी शिकलो. काही पुन्हा जोडता आलं, काही नाही आलं. दादा पान्हे द्यायला उभा राहिला.

"तेलाला हात लावू नको हं," तो म्हणाला. "तेवढं एक झक्कास आहे." त्यानं इंजिनातली तेलाची पट्टी उपसून मला दाखवली. हे तो रोज सकाळी करायचा आणि रोज खूश व्हायचा. "या वयाचे ट्रक तेल खातात. आपला थेंब खात नाही. उलट वाढलंय बघ. जुनं हाड आहे!"

"माझी बरणी पण भरा की त्यातून," वहिनी दारातून म्हणाली. "घरातलं तेल कधी असं वाढलेलं बघितलं नाही मी."

आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

आधी हवेचा फिल्टर काढला. आत भुकटीचा थर, वहिनीच्या पिठाच्या डब्यात मावणार नाही एवढा. झटकून बसवला. खाच तशीच. मग डिझेलचा फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली. तशीच. टाकीच्या खाली आडवा झालो आणि प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानं पुसला, ओल कुठं येते का बघत राहिलो. हाडासारखं कोरडं. दगडाचे बारीक कण पाठीत रुतले होते. डिझेल टाकीतून निघत होतं, इंजिनात शिरत होतं आणि नाहीसं होत होतं.

"हे डिझेल भूत पितंय," दादा म्हणाला. हसत म्हणाला, पण हसू पुरं झालं नाही.

मग मी पाण्याचा पेला घेतला. इंजिन चालू ठेवून, सिलिंडरमधून धूर बाहेर पडतो त्या प्रत्येक लोखंडी नळीवर बोटानं एक एक थेंब टाकत गेलो. पहिल्यावर चर्र. दुसऱ्यावर चर्र. तिसऱ्यावर थेंब उडालाच. चौथ्यावर थेंब बसला. नुसता बसला. आकाशातला उजेड त्यात दिसत होता. चालू इंजिनाच्या ऐन मध्यात एक जागा थंडगार होती. मी तिथं बोट टेकवलं. पोळलं नाही. का कोण जाणे, मला घाईनं बोट काढावंसं वाटलं.

खात्री करायला हवी होती. प्रत्येक सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या बारीक नळीची नट थोडी सैल केली की तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनाचा आवाज उतरतो. ज्याला सैल करूनही फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. मी पहिली नट सैल केली. इंजिन लंगडलं. आवळली. दुसरी सैल केली. लंगडलं.

वहिनी धावत बाहेर आली. "भाऊजी, काय करताय तुम्ही? त्यांना धाप लागलीय!"

"मी इथं ट्रकपाशी आहे, वहिनी."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही इथं काहीतरी पिळताय आणि ते तिथं मध्येच थांबतायत. आत्ता दोनदा थांबले. नका करू."

दादानं आमच्या दोघांकडं बघितलं. तेव्हा वहिनीनं त्याला सगळं सांगितलं. चहाचं, चढाचं, गिअरचं. दादा ऐकत राहिला. त्याच्या पांढऱ्या तोंडावर काही दिसेना.

"म्हणजे मी रस्त्यात शिव्या देतो त्या पण कळतात का त्यांना?"

"चेष्टा करू नका."

"मी चेष्टा करत नाहीये," दादा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "पुढची कर."

तिसरी सैल केली. आतून आप्पांचा घोगरा हुंदका आला, पुन्हा ढगढग. वहिनी कानावर हात ठेवून आत पळाली. चौथी सैल केली. इंजिनाला काही झालं नाही. आतल्या आवाजालाही काही झालं नाही. पाचवी, सहावी मी सैल केलीच नाही.

चौथ्याचं नोझल उपसलं. नोझलनं डिझेलचा फवारा मारायचा असतो, धुक्यासारखा. हे नुसतं गळत होतं, म्हाताऱ्याच्या ओठासारखं. न जळता डिझेल आत ठिबकत होतं, थोडं धुरातून जात होतं. बाकीचं?

मी तेलाची पट्टी उपसली. बोटावर घेतलं आणि चोळलं. बुळबुळीत काहीच नाही, पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं.

"दादा, हे तेल नाही."

"काय?"

"सिलिंडरच्या कडेनं डिझेल खाली उतरतंय, तेलात. म्हणून वाढतंय."

दादानं पट्टी माझ्या हातातून घेतली. वरच्या खुणेच्या कितीतरी वर ओलं होतं. रोज सकाळी तो हेच बघून खूश व्हायचा. मुकादमासमोर, कामगारांसमोर त्यानं हीच पट्टी नाचवली होती. तो टायरवर टेकला.

"मीच सगळ्यांना दाखवत होतो की रे," तो म्हणाला.

"आता काढून टाकू सगळं. नवीन तेल घालू."

"थांब." तो उठलाच. "काढायचं नाही. काढून डब्यात भरलं तर म्हणतील घरी बसून डिझेल मिसळलं. आतच राहू दे. गळकं नोझलही बसव परत. मालकांना चालू इंजिनात दाखवायचं. त्यांच्या डोळ्यांनी बघू दे."

मला ते पटलं नाही. इतकं पातळ आणि इतकं जास्त तेल पोटात ठेवून इंजिन चालवू नये, एवढं मला कळत होतं. पण त्या हुंगलेल्या हातांकडं बघून मी नोझल परत बसवलं.

सकाळी मालक आले, मागं मुकादम. क्रशर अजून सुरू व्हायचा होता, वारा पडलेला. मी सांगितलं, पट्टी दाखवली. मालकांनी वास घेतला आणि पट्टी मुकादमाकडं दिली.

"इंजिनात सगळ्यालाच डिझेलचा वास असतो," मुकादम म्हणाला.

"रेस दे," मालक दादाला म्हणाले. "धूर बघू."

दादा कॅबिनमध्ये चढला आणि रेस दिली. पांढरा धूर उसळला. मालकांनी हात केला, पुरे. दादानं पाय उचलला.

आवाज खाली आला नाही.

"पाय काढ!"

"काढलाय."

आवाज चढत होता. हळूहळू, कोणीतरी मजेत दाबत जावं तसा.

"ड्रायव्हर, पाय काढ म्हणतो ना!"

दादानं दोन्ही पाय दाराबाहेर काढून हवेत धरले. मग उडी मारून खाली आला. कॅबिनमध्ये कोणी नव्हतं. सीट रिकामी, स्टिअरिंग थरथरतंय, आणि ट्रक आपला आपण वेग घेतोय. मालक स्वतः चढले, किल्ली फिरवली, इंजिन बंद करायची मूठ ओढली, पुन्हा ओढली, तारेसकट हातात आली. ट्रक ओरडत होता. मी खाली घुसून डिझेलची मुख्य नळीच उघडली. डिझेल भसाभसा जमिनीवर सांडलं, भुकटीत काळं डबकं झालं. इंजिनाला आता बाहेरून एक थेंब मिळत नव्हता. तरी ते वाढतच होतं. पोटातलं ते पातळ तेल हवेच्या वाटेनं ओढून जाळत होतं. त्याला आता कोणी लागत नव्हतं.

मालक लांब सरकले. "मग हा चालतोय कशावर?" ते ओरडले.

"तुम्ही म्हणत होता ना मी विकलं!" दादा ओरडला. "त्यावर!"

तो हसत होता. कामगार शेडमधून धावत आले होते, आणि तो हात हलवून त्यांना जवळ बोलावत होता. "या! बघा! हुंगा आता!"

मी हवेच्या नळीचा रबर खेचून काढला. आत पेल्याएवढं तोंड उघडं पडलं, फों फों हवा ओढणारं. ते बंद केलं की संपलं. मी जवळच पडलेलं पोतं उचललं, तर दादानं माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"दादा, फुटेल ते! तुकडे उडतील!"

"फुटू दे. ऐकू दे सगळ्यांना."

त्याची पकड सुटेना. बॉनेट उडत होतं. खालची जमीन पायातून छातीपर्यंत थडथडत होती. काळा पांढरा धूर सगळ्यांवर पसरला आणि माणसं नुसती सावल्यांसारखी उरली.

त्या धुरातून वहिनी आली. आप्पांना आंघोळीला बसवतो तो पाट तिच्या हातात होता. तिनं ना ट्रककडं बघितलं ना मालकांकडं. "आप्पा!" एवढंच ती ओरडली, आणि दादाला खांद्यानं ढकलून पाट त्या तोंडावर दाबला. पाट थाडकन चिकटला. मीही हात लावला. आतून कोणीतरी ओढतंय असं जाणवत होतं, पाटासकट, आमच्यासकट. इंजिन गुदमरलं, दोन-तीन आचके दिले आणि बंद पडलं.

सगळं शांत झालं. कानात नुसती शिट्टी.

मग आतल्या खोलीतून आवाज आला.

आप्पा थांबले नव्हते. ट्रक बंद झाला होता आणि ते त्याच वेगानं चालले होते. ढगढगढगढग, श्वासाला जागा न ठेवता. आम्ही आत धावलो. तोंड निळं पडत चाललेलं. लकव्यानं मेलेला हात खाटेच्या लोखंडावर तडतडत होता, ज्या हाताला डॉक्टरनं सुई टोचली तरी कळलं नव्हतं.

वहिनीच्या हातात अजून पाट होता. तिनं पाटाकडं बघितलं, मग आप्पांच्या उघड्या तोंडाकडं. मीही बघितलं. तिनं तो उंबऱ्याबाहेर नेऊन टाकला आणि साडीला हात पुसत राहिली.

"आप्पा, बंद करा. पोचलो आपण," दादा म्हणाला. काही उपयोग नाही. तो खाटेशी गुडघ्यावर बसला. आप्पांचा चांगला हात उचलून त्यानं आपल्या छातीवर ठेवला, आणि तोंडानं सुरू केलं.

ढग. ढग. ढग. ढग.

न्यूट्रलमध्ये उभ्या ट्रकसारखं. सावकाश. आप्पा पुढं पळत होते, दादा त्यांच्या मागं पळाला नाही. तो आपल्या जागी, आपल्या वेगात वाजवत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम उतरत होता आणि पांढऱ्या तोंडावर ओघळ पडत होते.

दारात अंधार झाला म्हणून मी मागं बघितलं. मालक उभे होते, त्यांच्या मागं मुकादम, त्याच्यामागं चार-सहा कामगार.

"ड्रायव्हर," मालक म्हणाले. आवाज साफ केला. "चुकलं माझं. सगळ्यांसमोर म्हणतो. इंजिन उतरवून नीट करून घेऊ. गाडी तुझ्याकडंच राहील. राहशील ना?"

हे ऐकायला दादा किती तळमळला होता, ते आम्हा दोघांना माहीत होतं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला.

दादानं मान वळवली नाही. ढग. ढग. ढग. आप्पांचा वेग एका धाग्यानं उतरला होता. त्यांची बोटं दादाच्या छातीवर आता काहीतरी शोधत होती.

"अरे, मालक विचारतायत," मुकादम म्हणाला. "हो तरी म्हण."

दादानं हात मागं केला, तळवा उघडा, मागच्या गाडीला थांबवतात तसा. मालक उंबऱ्यातच उभे राहिले.